वर फेकलेला दगड खाली का येतो?

शाळेत या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मिळते: पृथ्वी त्याला ओढते म्हणून. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण ओढते म्हणजे नेमके काय करते, हे विचारले की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. दगडाला दोरी बांधलेली नाही, मधल्या हवेचा काही संबंध नाही, आणि निर्वात पोकळीतही दगड तसाच पडतो.

ही पंचाईत खुद्द न्यूटनचीही झाली होती. १६८७ साली 'प्रिन्सिपिया'त त्याने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. ओढ दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, एवढेच तो नियम सांगतो. एवढ्यावर ग्रहांच्या कक्षा, धूमकेतूंच्या फेऱ्या आणि भरती-ओहोटी यांचा हिशेब लागला. युरेनसच्या कक्षेतली गडबड पाहून कागदावर आकडेमोड झाली, दूर कुठेतरी आणखी एक ग्रह असला पाहिजे असा निष्कर्ष निघाला, आणि १८४६ साली नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. इतका यशस्वी नियम विज्ञानात क्वचितच झाला असेल. तरीही विद्वान धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड बेंटली यांना लिहिलेल्या पत्रात न्यूटनने कबूल केले की, मध्ये काहीही नसताना एक वस्तू दुसरीवर दुरून परिणाम करते ही कल्पना त्याला स्वतःलाच असंबद्ध वाटते. नियम चालतो, पण तो का चालतो ते ठाऊक नाही, असा हा मामला होता आणि पुढे दोनशे वर्षे तो तसाच राहिला.

माझ्या मते यापेक्षाही मोठे कोडे दुसरीकडे होते, आणि ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. वस्तूला ढकलताना ती जो अडेलपणा करते ते तिचे जडत्वीय वस्तुमान. पृथ्वी तिला जेवढी ओढते त्यावरून ठरते ते गुरुत्वीय वस्तुमान. या दोन गुणांचा एकमेकांशी संबंध असायचे काहीच कारण नाही. विद्युतभार आणि जडत्व यांचा असा संबंध नसतोच. पण गुरुत्वाकर्षणात मात्र दोन्ही वस्तुमाने तंतोतंत सारखी निघतात, हिशेबात एकमेकांना छेदून टाकतात आणि जड-हलके सगळे एकाच त्वरणाने पडते. न्यूटनने लंबकांवर प्रयोग करून हजारात एक भागापर्यंत ही समानता तपासली. हंगेरीच्या अओटव्हाशने पिळाच्या तराजूने तिची अचूकता कितीतरी पटींनी वाढवली. १९७१ साली अपोलो-१५च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, तेव्हा ती दोन्ही बरोबरच जमिनीला टेकली. २०१६ साली सोडलेल्या 'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या संमिश्राचे दोन नळकांडी ठोकळे पृथ्वीभोवती 'पडत' ठेवले होते. एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांत दोन-तीन भागांइतकाही फरक त्यांच्या पडण्यात आढळला नाही. न्यूटनच्या सिद्धांतात ही समानता म्हणजे निव्वळ योगायोग. पंधरा दशांश स्थळांपर्यंत टिकणाऱ्या योगायोगाला योगायोग म्हणणे अवघडच आहे.

१९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनला इथूनच वाट सापडली. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना आपले वजन जाणवत नाही, एवढाच तो विचार. आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखद विचार, असे त्याचे वर्णन त्याने पुढे केले. माणसाच्या खिशातली किल्ली, त्याची टोपी, तो स्वतः, सगळे एकाच त्वरणाने पडते. त्यामुळे त्याच्या आसपास गुरुत्वाकर्षण उरतच नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. ते तरंगतात कारण स्थानकासकट ते सतत पडत असतात.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरण मोजणारी एक चिप असते आणि तिचे आकडे दाखवणारी ॲप फुकट मिळतात. फोन टेबलावर शांत ठेवला की ती चिप ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) हा आकडा दाखवते, आणि दिशा वरची. तोच फोन मीटरभर उंचीवरून जाड गादीवर सोडला, तर जेमतेम अर्धा सेकंद आकडा शून्याला येऊन भिडतो. म्हणजे उपकरणाला विचाराल तर पडणाऱ्या फोनवर कोणतेच बल नाही, आणि टेबलावरचा फोन मात्र वरच्या दिशेने ढकलला जातो आहे. आपण ज्याला वजन म्हणतो ते जमिनीने आपल्याला खालून दिलेला रेटा आहे. पडणे ही नैसर्गिक, मोकळी अवस्था आहे आणि उभे राहण्यासाठी बल लागते. न्यूटनचे चित्र इथे बरोबर उलटे होते.

पण मग मोकळा दगड सरळ न जाता वळून खाली का येतो? बल नसेल तर सरळ रेषा, हे तर न्यूटनपासून मान्य आहे. उत्तर द्यायला आधी घड्याळांकडे वळावे लागते.

वजनविरहित अंतराळात एक उंच रॉकेट वरच्या दिशेने ९.८ त्वरणाने चालले आहे, असे समजा. माथ्यावरच्या घड्याळातून दर सेकंदाला प्रकाशाचा एक झोत तळाकडे सोडला जातो. झोत खाली पोचेपर्यंत तळाने थोडा अधिक वेग पकडलेला असतो. तळ झोतांना सामोरा जातो, म्हणून ते त्याला सेकंदाहून कमी अंतराने भेटतात. तळाशी बसलेला माणूस म्हणणार, माथ्यावरचे घड्याळ जलद चालते आहे. आता आइन्स्टाइनचे तत्त्व असे की, बंद खोलीत बसून रॉकेटचे त्वरण आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण यांत फरक करता येत नाही. त्यामुळे रॉकेटात जे घडले ते स्थिर उभ्या इमारतीतही घडलेच पाहिजे. वरच्या मजल्यावरचे घड्याळ तळमजल्यावरच्या घड्याळापेक्षा जलद चालते. यात घड्याळाचा दोष नाही, तिथला काळच जलद जातो.

हा फरक किती? दर मीटर उंचीला एकावर सोळा शून्ये एवढ्या भागांत साधारण एक भाग. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तिथे ठेवलेले घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा वर्षाला साडेपाच मायक्रोसेकंदांच्या आसपास पुढे जाईल. हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी १९६० साली फक्त साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरणांच्या साह्याने हा फरक मोजला. २०१० साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत एक अणुघड्याळ दुसऱ्यापेक्षा ३३ सेंटिमीटर वर उचलले, तर तेवढ्यानेही ते पुढे गेल्याचे दिसले. २०२२ साली मजल एक मिलिमीटरच्या फरकापर्यंत पोचली. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर फिरतात. त्यांची घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मागे पडतात. ही ३८ मायक्रोसेकंदांची बेरीज-वजाबाकी आधीच धरून, उपग्रह सोडण्यापूर्वी जमिनीवरच त्यांची घड्याळे किंचित हळू लावून ठेवतात. १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झ. शेवटचे हे आकडे आइन्स्टाइनचे.

आता दगडाकडे. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचा गतीविषयक नियम एका वाक्यात सांगता येतो: इथून निघून तिथे अमुक वेळी पोचायचे असेल, तर मोकळी वस्तू असा मार्ग धरते की तिच्या स्वतःच्या मनगटी घड्याळात जास्तीत जास्त वेळ मोजला जावा. हे वाक्य गूढ वाटते, म्हणून आकडे घालून पाहू. दगड हातातून सुटतो आणि दोन सेकंदांनी हातात परत येतो. दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध काम करतात. दगड वर गेला की त्याचे घड्याळ जलद चालते, हा फायदा. पण वर जायचे आणि दोन सेकंदांत परतायचे, तर वेग हवा. आणि विशिष्ट सापेक्षतेनुसार वेगाने घड्याळ हळू होते, हा तोटा. एका सेकंदाचे एकावर सोळा शून्ये इतके भाग पाडले, तर हाताशी थांबलेल्या घड्याळाच्या तुलनेत हिशेब असा येतो.

दगड नेहमीच्याच रीतीने ४.९ मीटर वर गेला तर फायदा ७.१ भाग, तोटा ३.६ भाग, निव्वळ लाभ साधारण ३.६ भाग. समजा तो त्याच दोन सेकंदांत निम्म्याच उंचीवर जाऊन आला. फायदा निम्मा, म्हणजे ३.६. वेग निम्मा झाल्याने तोटा चौपट घटून ०.९. लाभ २.७, म्हणजे कमी. आता उलट, तो दुप्पट उंच जाऊन आला असे धरा. फायदा १४.२, पण वेग दुप्पट झाल्याने तोटा चौपट, म्हणजे तोही १४.२. लाभ शून्य. निम्मी उंची तोट्याची, दुप्पट तर व्यर्थच. कागद-पेन्सिल घेऊन मधल्या कोणत्याही उंचीचा हिशेब करून पाहावा. सर्वाधिक लाभ ४.९ मीटरलाच मिळतो, आणि गॅलिलिओच्या काळापासून दगड तेवढाच वर जातो आहे. इथे ओढ कुठेच आली नाही. वर काळ जलद आणि खाली काळ संथ, एवढ्या एका गोष्टीतून दगडाचा मार्ग ठरला. सिद्धांताच्या इतर कोणत्याही निष्कर्षापेक्षा हा चिमुकला हिशेब मला अधिक थक्क करतो.

या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची, म्हणजे अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या चौकटीची, वक्रता असे म्हणतात. मग ती वक्रता कुठे आहे? मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाचा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो. वैमानिकाने सुकाणू वळवलेले नसते. गोल पृथ्वी सपाट कागदावर काढल्यामुळे सरळ मार्ग वाकडा दिसतो. दगडाचेही तसेच. तो अवकाश-काळात शक्य तितका सरळच जातो. आपण काळ विसरून फक्त अवकाशातला मार्ग पाहतो, म्हणून तो आपल्याला झपकन वाकलेला दिसतो. काळाचे माप प्रकाशाच्या वेगाने अंतरात बदलले, तर दोन सेकंद म्हणजे सहा लाख किलोमीटर. सहा लाख किलोमीटर लांबीच्या रेषेत मधोमध पाच मीटरचा उंचवटा, एवढाच त्या मार्गाचा वाक. अशा वर्तुळाची त्रिज्या काढली तर ती जवळपास एक प्रकाशवर्ष भरते. हळू फेकलेला दगड असो की बंदुकीची गोळी, दोन्हींसाठी तीच.

इथे एका लोकप्रिय चित्राबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ताणलेली रबरी चादर, मध्ये लोखंडी गोळा, त्याने पडलेला खड्डा, आणि खड्ड्याभोवती फिरणारी गोटी. पुस्तकांत, माहितीपटांत, विज्ञान प्रदर्शनांत हे चित्र सगळीकडे असते, आणि माझ्या मते ते समजुतीपेक्षा गैरसमजच जास्त पसरवते. गोटी खड्ड्यात उतरते ती खालून पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे जे समजावून द्यायचे तेच आधी गृहीत धरलेले आहे. शिवाय चादरीत काळाला जागाच नाही. ती दाखवते फक्त अवकाशाची वक्रता, आणि पृथ्वीजवळ ती नगण्य आहे. पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी धरून गणित केले, तर परिघावरून काढलेल्या त्रिज्येपेक्षा प्रत्यक्ष त्रिज्या सुमारे दीड मिलिमीटरने जास्त निघते. ६,४०० किलोमीटरमागे दीड मिलिमीटर! एवढ्याशा वक्रतेने दगड खाली येत नसतो. आपल्या रोजच्या अनुभवातले गुरुत्वाकर्षण जवळजवळ संपूर्णपणे काळाचे आहे.

कोणी विचारेल, पडणाऱ्या माणसाला गुरुत्वाकर्षण जाणवत नसेल, तर ते खरे आहे तरी का? लहान खोलीत आणि थोड्या वेळापुरते ते नाहीसे करता येते, मोठ्या जागेत नाही. ते कसे, हे कोकण किनारा रोज दोनदा दाखवतो. पृथ्वी आणि चंद्र एकमेकांकडे मुक्तपणे पडत आहेत, त्यामुळे चंद्राची ओढ म्हणून पृथ्वीला काहीच जाणवायला नको. पण पृथ्वी लहान नाही. चंद्राकडची बाजू केंद्रापेक्षा थोडी अधिक त्वरणाने पडते, पलीकडची बाजू थोडी कमी. हा फरक कोणत्याही युक्तीने पुसता येत नाही. त्यामुळेच समुद्राला दोन्ही बाजूंनी फुगवटा येतो आणि दिवसातून दोनदा भरती येते. सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या जवळजवळ १८० पट आहे, तरी भरतीतला सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. ओढ कितीही मोठी असो, समुद्राला कळतो तो फक्त तिच्यातला फरक. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही फरक एका रेषेत येतात आणि उधाण येते, अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना मारतात आणि भांग येतो. हा न पुसता येणारा फरक म्हणजेच अवकाश-काळाची वक्रता. आइन्स्टाइनचे समीकरण याच फरकाबद्दल बोलते.

हे समीकरण मिळवायला त्याला आठ वर्षे लागली. वक्र पृष्ठभागांचे गणित जर्मन गणिती रीमानने एकोणिसाव्या शतकातच तयार करून ठेवले होते. झुरिचमधला वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान याने १९१२ साली आइन्स्टाइनला त्याची दिशा दाखवली. २५ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनच्या अकादमीसमोर अंतिम समीकरणे आली. त्यांच्या एका बाजूला अवकाश-काळाची वक्रता आहे, दुसऱ्या बाजूला पदार्थ, ऊर्जा आणि दाब.

त्याच महिन्यात त्याने बुध ग्रहाचा जुना हिशेब मिटवला. बुधाचा सूर्याला सर्वांत जवळ येणारा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांच्या ओढीचा वाटा वजा केला तरी शतकामागे ४३ विकला शिल्लक राहतात. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. लव्हेर्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही शिल्लक दाखवून दिली होती. नेपच्यूनचे स्थान गणिताने सांगणारा हाच तो शास्त्रज्ञ; इथेही त्याने तोच डाव टाकला आणि सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह कल्पिला. व्हल्कन कधी सापडलाच नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून कसलीही जुळवाजुळव न करता ४३ आकडा बाहेर पडला. आनंदाने छातीत धडधड सुरू झाली, असे त्याने नंतर मित्रांना सांगितले.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र नशिबाने त्याची बाजू घेतली. १९११ साली, अवकाशाच्या वक्रतेची कल्पना यायच्या आधी, सूर्याच्या कडेने जाणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकेल हे त्याने फक्त काळाच्या फरकावरून काढले होते. ते उत्तर एका विकलेहून कमी होते. ते तपासायला १९१४च्या ऑगस्टमधल्या खग्रास ग्रहणासाठी जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिश क्रिमियात पोचला, तोच महायुद्ध पेटले आणि रशियनांनी त्याला अटक केली. निरीक्षण झाले असते तर आइन्स्टाइन चूक ठरला असता. कारण अवकाशाची वक्रता संथ दगडाला जाणवत नसली, तरी प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्याला ती काळाच्या वक्रतेइतकीच जाणवते आणि वाक बरोबर दुप्पट होतो: १.७५ विकला. २९ मे १९१९च्या ग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, तर दुसरी ब्रिटिश तुकडी ब्राझीलमधल्या सोब्रालला गेली होती. निष्कर्ष दुप्पट आकड्याच्या बाजूने लागला. त्या छायाचित्रांतली मोजमापे ओबडधोबड होती, हे खरे. पण पुढे रेडिओ दुर्बिणींनी तोच आकडा कितीतरी अधिक काटेकोरपणे पक्का केला.

आपल्याकडे हा विषय लवकर रुजला आणि त्यात मराठी माणसांचा वाटा आहे. मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता शिकवत. त्यांच्याकडे आलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाचे सूत्र शोधले, आणि आज ते 'वैद्य मेट्रिक' या नावाने जगभर वापरले जाते. नारळीकरांचे पुत्र जयंतराव यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा पर्यायी सिद्धांत मांडला आणि पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. त्याच आयुकात संजीव धुरंधर यांनी गोंगाटात बुडालेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, कशा ओळखायच्या, याच्या गणिती पद्धती विकसित केल्या. तशी लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' यंत्रांनी पहिल्यांदा टिपली. एक अब्जाहून अधिक प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली होती, आणि तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेले होते. पृथ्वीवर पोचेपर्यंत परिणाम एवढाच उरला की यंत्रांच्या चार किलोमीटरच्या भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान अंतराने बदलली. असेच एक यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचे आहे; केंद्र सरकारने २०२३ साली त्यासाठी २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

शंभर वर्षांत या सिद्धांताला एकाही प्रयोगाने धक्का दिलेला नाही. त्याची मर्यादा तो स्वतःच दाखवतो. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली दिलेल्या समीकरणावरून दिसते की, पदार्थाची ऊर्जा धन असेल तर गुरुत्वाकर्षण शेजारशेजारच्या मार्गांना जवळच आणते. त्याच विचाराच्या आधारे रॉजर पेनरोझ यांनी १९६५ साली सिद्ध केले की, कृष्णविवर तयार झाले की आत कुठेतरी अवकाश-काळाचा मार्ग तुटतोच. त्या ठिकाणी आइन्स्टाइनची समीकरणे उत्तर देत नाहीत. तिथे पुंज सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण यांची सांगड घालणारा नवा सिद्धांत लागेल. अनेक प्रस्ताव पुढे आले आहेत. प्रयोगाने त्यांतला एकही अजून सिद्ध झालेला नाही.